फ्लास्कच्या तळाशी तू राखलेलं

सदा,

तुझ्या तिरडीला खांदा द्यायला मला जागा मिळाली नाही. तुझी शाळेतली मुलं, वाड्यावरची माणसं, काजूच्या बागायतीत तुझ्या वडिलांबरोबर राबलेले म्हातारे, सगळे एकमेकांना सारून पुढे येत होते. मी दोनदा हात घातला. दोन्ही वेळा कुणीतरी म्हणालं, ‘सर, तुमी रवा, आमी धरतंव.’ मग मी मागून चालत राहिलो. तुझ्या गावच्या, मोप्याच्या सड्यावर सावली नाही. तापलेल्या कातळावरून तो सगळा जमाव चालला होता आणि माझ्या पुढचा एक दांडगा माणूस, बहुधा ट्रकवाला, हमसून हमसून रडत होता. त्या वेळी माझ्या मनात पहिलं आलं ते दुःख असतं, तर हा लेख लिहायला सोपा गेला असता. मला तुझा हेवा वाटला. चितेकडे नेल्या जाणाऱ्या माणसाचा हेवा. माझ्यासाठी असं कोण रडेल, याचा मी विचार करत होतो आणि एकही चेहरा धड डोळ्यांसमोर येत नव्हता.

आज सोळावा दिवस. तुझ्या शाळेच्या वार्षिकात तुझ्यासाठी काही पानं राखली आहेत आणि ती मी लिहावीत, असा तुझ्या बायकोचा, शालिनीवहिनींचा निरोप आला. ‘तेंका तुमच्याइतका कोण वळखता?’ असं त्या म्हणाल्या म्हणे. हे तुला उद्देशून लिहितो आहे, पण वाचणार तुझी मुलं. म्हणून तुला ठाऊक असलेल्या काही गोष्टीही सांगाव्या लागतील. त्यांना तू रसायनशास्त्राचे सदानंद सर म्हणून माहीत आहेस. त्याआधी तू काय होतास आणि तुझं ते कसं गेलं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. तू तर सांगितलं नसतंसच. तुला ते माहीत नव्हतं.

मुलांनो, लिथियम हा धातू सुरीने कापता येतो, इतका मऊ असतो. धातूंमध्ये सगळ्यात हलका. त्याची बॅटरी केली तर एवढ्याशा डबीत खूप वीज मावते. पण ती पुन्हा चार्ज करायला गेलं की गोची होते. निघून गेलेला धातू परत आपल्या जागी बसतो तो सपाट बसत नाही, सुयांसारखा वाढतो. एखादी सुई वाढत वाढत पलीकडच्या बाजूला टेकली की सेल मेली, कधी पेटलीसुद्धा. आत जे द्रावण भरलेलं असतं त्यात एखादं नेमकं द्रव्य थेंबभर मिसळलं, तर धातूवर पातळ साय धरते आणि सुया उगवत नाहीत. ते द्रव्य कोणतं, हे शोधण्याचं काम पणजीच्या टेकडीवरच्या एका छोट्या प्रयोगशाळेत आम्ही दोघं करत होतो. आमचे मार्गदर्शक सर त्याला ॲडिटिव्ह म्हणायचे. सदा त्याला फोडणी म्हणायचा.

‘डिचोलकरा, आज कसली फोडणी?’ सकाळी आल्या आल्या तू विचारायचास. मी डिचोलीचा म्हणून डिचोलकर. माधव या नावाने तू मला क्वचितच हाक मारलीस, आणि मारलीस तेव्हा काहीतरी गंभीर असायचं.

आपण दोघंही कॉलेजात शिकवत शिकवत डॉक्टरेट करत होतो. मी दुकानदाराच्या घरातला, नीटनेटका, पाठांतराचा पक्का. कोणत्या मासिकात कोणी काय छापलंय ते मला पानासकट सांगता यायचं. आणि तू? तू बाटलीचं बूच काढून नाकाजवळ न्यायचास आणि म्हणायचास, ‘ह्यात पाणी आसा.’ मी उपकरणावर तपासून बघायचो. पाणी असायचं. द्रावक उकळून शुद्ध करताना थेंब पडण्याच्या आवाजावरून तू सांगायचास की आता घे, आता थांब. सर एकदा म्हणाले, ‘माधव, तुम्ही याच्याकडून हे शिकून घ्या.’ नाक कसं शिकून घेणार? मी त्या रात्री घरी जाऊन जेवलो नाही. इतक्या क्षुल्लक गोष्टीवरून. तुझ्याबद्दलच्या माझ्या हेव्याची ही पहिली आठवण आहे.

ते नाक कुठून आलं, हे मला पुढच्या एप्रिलमध्ये कळलं. तू मला मोप्याला घेऊन गेलास. काजूचा हंगाम होता. आंब्याखाली तुझ्या वडिलांची फेणीची भट्टी लागली होती, तांब्याचं मोठं भांडं, खाली शेणीलाकडांचा जाळ, सगळ्या वाडीभर तो गोड आंबूस वास. तुझी आई म्हणाली, ‘सदूचो दोस्त तो तुमीच? किती वाळल्यात ओ!’ आणि पोदेराकडचे ताजे उंडे पाव माझ्या ताटात टाकत गेली, नको म्हटलं तरी. तुझ्या वडिलांनी एक पाळी संपल्यावर भांडं उतरवलं, पण ते रिकामं केलं नाही. करवंटीच्या डवल्याने हलवून तळाशी डवलाभर जुनं तसंच ठेवलं आणि त्यावरच नवा आंबवलेला रस ओतला.

‘धुवायचं नाही?’ मी विचारलं.

‘कोरडा भांडा जळता,’ ते म्हणाले. ‘आणि नव्याक वळण लागता.’

तू माझ्याकडे बघून हसलास, कारण प्रयोगशाळेत तू अगदी हेच करायचास. द्रावक उकळायचा तुझा काचेचा फ्लास्क कधीच पूर्ण रिकामा नसे. तळाशी बोटभर जुनं ठेवून त्यावर तू नवं ओतायचास. सरांना ते खपत नसे. ‘सदानंद, हा फ्लास्क शेवटचा धुतला कधी?’ तू म्हणायचास, ‘सर, धुतला तर त्याचा जीव जाईल.’ सर चिडायचे आणि मग हसायचे. मी असं बोललो असतो तर ते फक्त चिडले असते.

भाषेवरून आपण किती भांडलो! मांडवीवरचा पूल पडला होता, बेतीहून फेरीबोटीने पलीकडे जावं लागायचं आणि तेवढ्या वेळात आपलं एक भांडण होऊन जायचं. मी मराठीच्या बाजूचा. तू कोंकणीच्या. आणि तू माझ्याहून चांगलं मराठी लिहायचास, हे मला सगळ्यात जास्त खुपायचं. माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण इंग्रजीत लिहिण्याआधी मी मराठीत मांडलं होतं, ते तू वाचलंस आणि पेन्सिलीने चार वाक्यं दुरुस्त केलीस. चारही दुरुस्त्या बरोबर होत्या.

‘इतकं सुंदर मराठी लिहितोस, मग राज्याला कोंकणी कशाला हवी?’ मी विचारलं होतं.

‘लिवतां मराठीत, पण भांडतां खंयच्या भाशेत? आता तूच सांग, तू बायलेकडेन खंयच्या भाशेत भांडतस?’

शेजारी मासळीची पाटी घेऊन बसलेली बाई खो खो हसली. मी म्हटलं, ‘भांडायची भाषा आणि कारभाराची भाषा वेगळी असते.’ तू म्हणालास, ‘मगे कारभार भांडणाशिवाय चलता काय रे?’ बोट काठाला लागली आणि ते तसंच राहिलं. 

गोवा घटकराज्य व्हायच्या आधीच्या त्या हिवाळ्यात तुझी फोडणी जमली. फ्युरान जातीचं एक द्रव्य तू द्रावकात मिसळायचास, दोन्ही एकत्र उकळायचास आणि थंड होऊन येणारं ते द्रावण सेलमध्ये भरायचास. आपल्या इतर सगळ्या सेल जिथे मान टाकायच्या तिथून पुढे तुझ्या सेल चालूच राहिल्या. चार्ज, डिस्चार्ज, पुन्हा चार्ज. आलेख काढणारी लेखणी आठवडेच्या आठवडे तीच रेघ ओढत होती. आर्गॉन वायू भरलेल्या ग्लोव्ह बॉक्समध्ये, काचेच्या बंद पेटीत, तू एक सेल उघडलीस. आत लिथियम लोण्यावर सुरी फिरवल्यासारखा सपाट बसला होता. एकही सुई नाही. सर बराच वेळ काचेतून बघत राहिले आणि मग त्यांनी तुझ्या पाठीवर हात ठेवला. मी शेजारी उभा होतो. तो हात तिथून उठेपर्यंत मी त्याच्याकडेच बघत होतो.

एक छोटा लेख छापून आला. तुझं नाव, सरांचं नाव. त्या द्रव्यावरचे जुने लेख मी तुला वाचून दाखवले होते, म्हणून तू माझंही घालायचं म्हणत होतास, ‘तेणां वाचून दाखयला म्हणून माका कळला.’ सर म्हणाले, वाचून दाखवणं म्हणजे काम नव्हे. त्यांचं बरोबर होतं.

मग मी तुझी फोडणी माझ्या सेलमध्ये घालून बघितली. तेच द्रव्य, नव्या बाटलीतलं, तितकंच. माझी सेल थोडी सुधारली, इतकंच. तुझ्या सेलच्या जवळपासही गेली नाही. पुन्हा केलं. पुन्हा तेच. तेव्हा मला संशय आला की तुझी जादू त्या द्रव्यात नसून तुझ्या न धुतलेल्या फ्लास्कच्या तळाशी आहे. हा संशय एखाद्या मित्राला आला असता तर तो धावत तुझ्याकडे आला असता. मी आलो नाही. मला मनातून बरं वाटलं. तुझा शोध म्हणजे निव्वळ घाण आहे, असं मी स्वतःशी म्हणालो. हाच शब्द वापरला मी, सदा.

एप्रिलच्या शेवटी तुझ्या वडिलांचं पाठीचं दुखणं वाढलं आणि भट्टी सांभाळायला तू महिनाभर घरी गेलास. जाताना किल्ली माझ्या हातात दिलीस. ‘आर्गॉन बघ, बाकी सगळा आसा तसा आसा,’ म्हणालास. जूनमध्ये बाहेरून तज्ज्ञ येणार होते, त्यांच्यासमोर नव्या सेल करून चालवून दाखवायच्या होत्या.

तू गेल्यावर चौथ्या दिवशी, दुपारी, मी तुझा फ्लास्क खाली उतरवला. तळाशी मधाच्या रंगाचं, घट्टसर काहीतरी होतं. दीड-एक वर्ष त्यावरच नवं ओतून तू उकळत होतास. ते मी एका बाटलीत काढून घेतलं. मग फ्लास्क आम्लाने, मग पाण्याने, मग ॲसिटोनने धुतला, ओव्हनमध्ये वाळवला, नवा द्रावक आणि नवी फोडणी भरून जागच्या जागी लावून ठेवला. तळाशी पहिल्यासारखाच रंग दिसावा म्हणून मी त्यात चिमूटभर आयोडीन टाकलं. आमचा द्रावक ईथर जातीचा होता आणि जुन्या ईथरचा गाळ धोक्याचा असतो, असं पुस्तकात आहे. कोणी विचारलं तर मी हेच सांगणार होतो. पण रंग जुळवला तो कोणी विचारूच नये म्हणून.

तू परत आलास त्याच्या दुसऱ्या दिवशी गोवा घटकराज्य झालं. प्रयोगशाळेत लाडू वाटले. तू अर्धा लाडू माझ्या तोंडात कोंबलास आणि माझ्या सेलच्या आलेखाकडे बोट दाखवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, ‘गोंय राज्य जाला, पण हेची सेल अजून केंद्रशासित!’ सगळे हसले. मीही हसलो. माझं हसणं इतरांहून जास्त वेळ टिकलं. त्याच आठवड्यात तू त्या धुतलेल्या फ्लास्कमधून द्रावण काढून नव्या सेल भरल्यास. आयोडीनही त्या द्रावणात आलं असेल. तुझ्या नाकाला ते कसं कळलं नाही, याची मला आजही धास्ती वाटते. कदाचित कळलंही असेल. तुझी किल्ली माझ्याकडे होती, म्हणून तू नाकापेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला असशील.

तज्ज्ञांसमोर तुझ्या सेल एकामागून एक गेल्या. तिसऱ्या दिवशी तर लेखणी रेघ सोडून सरळ खाली आली. तू सेल उघडलीस. आत काळपट शेवाळ माजावं तशा सुया होत्या. पाहुणे सभ्य होते, ‘होतं असं’ म्हणाले. सरांनी आलेखाचा कागद गुंडाळून ठेवला.

संध्याकाळी आपण दोघंच होतो. तू खिडकीपाशी उभा होतास. पाऊस येणार होता.

‘माधव,’ तू म्हणालास. ‘मी घरा गेल्लो तेन्ना हंय काय बदललां?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘मी आर्गॉन तेवढा बघत होतो.’

‘तर मगे माजाच काय तरी चुकता,’ तू म्हणालास आणि माझ्यासाठी चहा सांगितलास.

पुढचे तीन महिने तू सगळं पुन्हा पुन्हा करून बघितलंस. सर सांगत होते, स्वच्छता ठेवा, स्वच्छता ठेवा. तू आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं ऐकलंस. प्रत्येक वेळी फ्लास्क घासून कोरडा करायला लागलास. तळाशी पुन्हा काही साठण्याची जी एक शक्यता होती ती तू स्वतःच्या हाताने रोज धुऊन काढत होतास आणि मी पलीकडच्या टेबलावरून ते बघत होतो. गणपतीच्या चवथीनंतर तू त्या मासिकाला पत्र लिहिलंस की मागचा निष्कर्ष आपल्याला पुन्हा मिळत नाही, चूक आपली आहे, लेख मागे घेतो. ते पत्र तू मला वाचायला दिलंस. इंग्रजी बरोबर आहे का बघ म्हणालास. मी एक स्वल्पविराम घातला.

मोप्याजवळच्या पेडण्याच्या शाळेत जागा निघाली आणि तू गेलास. त्यानंतरच्या रविवारी दुपारी मी एकटा प्रयोगशाळेत गेलो. बाटलीतल्या त्या मधाच्या रंगाच्या द्रवाचा एक थेंब नव्या द्रावणात टाकला आणि सेल लावली. ती चालली. चालतच राहिली. उघडून बघितली तर आत तुझाच तो गुळगुळीत लिथियम. आणखी दोनदा केलं. तुझ्या फोडणीचं उकळून उकळून तळाशी जे दुसरंच काही बनलं होतं, खरी साय त्यामुळे धरत होती आणि वाफेबरोबर त्याचाच अंश वर येत होता. तुझ्या वडिलांच्या सवयीने दीड वर्षात एक औषध बनवलं होतं. ते आहे हे तुला माहीत नव्हतं. ते काय आहे हे मला माहीत होतं आणि मी ते सांगू शकत नव्हतो, कारण सांगितलं तर ती बाटली माझ्याकडे कशी, हेही सांगावं लागलं असतं. निदान मी स्वतःला हे कारण दिलं. खरं कारण तुला सांगतो. सांगितलं असतं तर सरांचा हात पुन्हा तुझ्या पाठीवर गेला असता.

उरलेलं मी मोरीत ओतलं. डॉक्टरेट मला मिळाली. प्रबंधाचा विषय होता, लिथियमच्या सेल का निकामी होतात.

तुझी दया यावी म्हणून मी पेडण्याला यायला लागलो, हेही कबूल करतो. हरलेला सदा मला बघायचा होता. पण तू हरलेला दिसायचाच नाहीस. शाळेच्या पडवीत तू मुलांकडून लिंबाच्या आणि त्याहून आंबट बिंबलांच्या बॅटऱ्या करून घेत होतास, बिंबल लिंबावर कशी मात करतं ते ओरडून सांगत होतास. मुलं तुझ्या अंगावर पडत होती. मी विद्यापीठाचा डॉक्टर, माझ्या वर्गात मुलं मान खाली घालून टिपणं घ्यायची आणि घंटा झाली की पळायची. मी तुझ्याकडून सगळं काढून घेतलं आणि तरी तुझ्यापाशी माझ्यापेक्षा जास्त उरलं, हा हिशेब मला कधी सुटला नाही. दर चवथीच्या दुसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी जेवायला यायचो. गणपतीवर फळं-पानं टांगलेल्या माटोळीखाली पान मांडायचे. वहिनी खतखत्याची भाजी वाढायच्या. तुझी आई होती तोवर म्हणायची, ‘अजून वाळलेच तुमी.’

गेल्या चवथीला तू मला अंगणात घेऊन आलास. तोवर परदेशातल्याही लिथियम धातूच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्याच्या बातम्या येऊन गेल्या होत्या, लोक धातू सोडून दुसऱ्या वाटेला लागले होते. त्यावरून विषय निघाला.

‘तेंकाय सुयांनीच मारले,’ तू म्हणालास. मग जरा वेळाने, ‘मी खंय चुकलंय ता माका अजून कळूंक ना रे. तुका कधी कळला तर सांग हां. राग येवचो ना.’

मी म्हटलं, ‘जुनं झालं ते, सदा.’

तू मान हलवलीस आणि मुलांना हाका मारायला गेलास. तेवढंच होतं. बोलायचं असतं तर तेव्हा बोलायचं होतं. तू सरळ विचारलं होतंस, राग येणार नाही हेही आधीच सांगितलं होतंस, आणि त्या एका वाक्याने मला तुझा पुन्हा हेवा वाटला. राग न येण्याची हमी माणूस इतक्या सहज कसा देतो? मला तसं कधी जमलं नाही.

हे छापायला देण्याआधी वहिनींना सांगायला हवं होतं. काल मोप्याला गेलो. त्या अंगणात आमसुलाची सोलं उन्हात घालत होत्या. मला त्यांनी बसायला कदेल दिली, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, फ्लास्क, आयोडीन, बाटली, खिडकीपाशी तू विचारलेलं आणि मी दिलेलं उत्तर. त्या सोलं उलटत राहिल्या. मी बोलायचा थांबलो तेव्हा त्यांचे हात थांबले.

‘ते रातचे उठून बसत,’ त्या म्हणाल्या. ‘कागद घेवन बसत. मी म्हणा, जांव दे आता. ते म्हणत, आपणां खंय तरी चूक केल्या, ती गावली की झाला.’

मी खाली बघत होतो.

‘मगे इतकी वर्सां तुमी आमच्याकडे जेवलात कसे?’

त्यांनी उत्तराची वाटही बघितली नाही. ‘लिवा,’ म्हणाल्या. ‘सगळा लिवा. सरांचा काम आपल्या चुकीन गेला असा पोरांका वाटूंक नाका. आणि भावोजी, फुडल्या चवथीक येव नकात.’

परतीच्या बसमध्ये मी रडलो, आणि त्यात तुझ्यासाठी किती आणि माझ्यासाठी किती, ते मी वेगळं करू शकलो नाही. एवढं मात्र मला कळलं की तुझ्यासाठी कुणाला तरी दार बंद करणारं माणूस तुझ्या घरात आहे. माझ्यासाठी माझ्या घरात कुणी एवढं करेल असं मला वाटत नाही. बघ, अजून संपलेलं नाही माझं.

मुलांनो, तुमचे सर चुकले नव्हते. त्यांचा निष्कर्ष खरा होता. त्यांच्या फ्लास्कमध्ये जे बनलं होतं ते मी ओळखलं, लपवलं आणि फेकून दिलं. हे मी आमच्या सरांना कळवलं आहे. माझ्या खात्यालाही कळवलं आहे. त्यांना जे करायचं ते ते करतील.

आज सकाळी ज्या मासिकात तुझं माघारीचं पत्र छापलं होतं, त्याच्या संपादकांना मी सगळा वृत्तान्त पाठवला. तळाशी काय साठलं, ते कसं मिळवावं, एका थेंबाने काय होतं, सगळं दिलं. माझ्या त्या तीन सेलचे आलेखही जोडले. वर तुझं नाव घातलं. खरं ते सांगतो, त्याखाली मी माझंही घातलं. शेवटी तो थेंब मी ओळखला होता ना, असं वाटलं. तू असतास तर घातलंच असतंस, असंही वाटलं. बराच वेळ दोन्ही नावांकडे बघत बसलो. मग माझं खोडलं. कागद बदलून पुन्हा स्वच्छ लिहायला वेळ होता, पण बदलला नाही. खोडलेलं नाव वाचता येतं. तसंच पाठवलं आहे.